आठव्या चॅनलवरची खोली

आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत रात्र नाही.

पडका बंगला नाही, पांढऱ्या कपड्यांतली बाई नाही, कुत्रं रडत नाही. भर दुपारचे तीन. चौथा मजला. खिडकीतून फरशीवर ऊन आलेलं आणि खालच्या मजल्यावर कुणाचं तरी वॉशिंग मशीन घरघरतंय. मला विचाराल तर म्हणूनच जास्त भीती वाटते. रात्रीचं काही असलं तर माणूस उठून दिवा लावतो. दुपारी काय लावणार?

आणि हे खरं आहे. माझ्या मामेभावाच्या घरी मागच्या महिन्यात घडलेलं.

घडलेलं म्हणजे... अजून चालू आहे.

मामेभाऊ माझ्याहून मोठा, म्हणून तो दादा. त्याची बहीण, धाकटी. त्यांचे वडील म्हणजे माझे मामा, पण आम्ही सगळी पोरं त्यांना बाबाच म्हणायचो. आणि एक वहिनी, ती सकाळी आठला कामावर जाते ती संध्याकाळी सातला येते. बास, एवढीच माणसं. नावं विचारू नका, मी सांगणार नाही.

दादानं मला हे दोन बैठकांत सांगितलं. पहिल्या बैठकीत तो बोलता बोलता खुर्चीतच झोपला. त्याच्या हातातला चहाचा कप मी काढून घेतला, तरी त्याला कळलं नाही. इतका तो दमलाय.

दादाचा धंदा आवाजाचा. घरातल्या एका छोट्या खोलीत त्यानं रेकॉर्डिंगचं बस्तान बसवलंय. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, दाराला दुहेरी रजई. कुणी गोष्टी वाचून रेकॉर्ड करायला येतं, कुणी गाणं, कुणी दुकानाची जाहिरात. जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही, जिथंतिथं वायरी. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याच्या खिशातून एक वायर डोकावते. खोटं वाटत असेल तर वहिनीला विचारा, ती अजून टोमणे मारते.

बाबा शेजारच्या खोलीत. चार वर्षं अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग गेलेलं, पण जीभ शाबूत आणि कान तर विचारूच नका. दिवसभर त्यांच्याजवळ एकटा दादा. काम सोडता येत नाही, बापही सोडता येत नाही. मग त्यानं एक शक्कल लढवली.

बाबांच्या उशाशी एक माइक लावला. त्याची वायर दाराखालून आपल्या मिक्सरमध्ये आणली. मिक्सर म्हणजे ते बटणांचं आणि सरकत्या दांड्यांचं मोठं खोकं. त्यात प्रत्येक आवाजाला स्वतःचा रस्ता असतो, त्याला चॅनल म्हणतात. आठवा चॅनल बाबांचा. दादा हेडफोन घालून काम करायचा, आणि कामाच्या आवाजाखाली, हळू, सतत, त्याला बाबांची खोली ऐकू यायची. कॉटची कुरकुर. खोकला. पंखा. पडद्याची सळसळ.

आणि हाक.

हाक आली की दादा उठायचा. पाणी, औषध, कूस बदलणं, खिडकी उघड, खिडकी लाव. चार वर्षं. वहिनी घरी असली की ती उठायची, पण दुपार सगळी दादाची.

"मला ती खोली तोंडपाठ झाली होती," तो मला म्हणाला. "डोळे मिटून सांगितलं असतं, बाबा कुठल्या कुशीवर आहेत."

आता मुद्द्याचं.

सात महिन्यांपूर्वीची दुपार. धाकटी गायला आली होती. ती गाणं शिकवते. स्वतः बांधलेली चार गाणी तिला नीट रेकॉर्ड करून हवी होती. दोन ते तीन गायली. पुढे तिचा क्लास होता, त्यामुळे घाईनं निघाली. एरवी जाताना बाबांच्या खोलीत डोकावल्याशिवाय तिचा पाय निघायचा नाही. त्या दिवशी दारातूनच दादाला म्हणाली, "बाबांकडे लक्ष आहे ना रे तुझं?"

दादानं हेडफोनवर बोट ठेवून दाखवलं. ती गेली.

मग दादा तिचं गाणं तपासायला बसला. एका ओळीत बारीकसा 'टक्' असा आवाज येत होता. कुठून येतोय ते सापडेना. तेव्हा त्यानं तेच केलं, जे त्याच्या धंद्यातला कुणीही करतो. धाकटीच्या चॅनलचं सोलोचं बटण दाबलं. सोलो म्हणजे एकटा. ते दाबलं की हेडफोनमध्ये तेवढा एकच आवाज उरतो. बाकी सगळे चॅनल गप्प.

सगळे.

आठवासुद्धा.

'टक्' सापडला, काढला. मग दुसरा सापडला, तोही काढला. माणूस कामात बुडाला की बुडतो. सोलो काढायचं राहून गेलं. मिक्सरवर प्रत्येक चॅनलला एक छोटा हिरवा दिवा असतो. त्या चॅनलवर आवाज आला की तो लुकलुकतो. सोलो दाबलेला असला तरी लुकलुकतो. पण दादाची नजर कॉम्प्युटरवर होती.

साडेचारला तो चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेला. बाबा गेलेले होते.

तोंड दाराकडे होतं. डॉक्टर म्हणाले, फार वेळ झालेला नाही.

धाकटी धावत आली. रडली, बाबांच्या पायाशी बसली, आणि पहिला प्रश्न हाच विचारला.

"शेवटी हाक मारली होती का रे त्यांनी?"

"नाही."

"आठवा चालू होता ना?"

"चालू होता."

आता हे खोटं होतं का? चालू तर होताच. फक्त दादाला ऐकू येत नव्हता. इतके महिने तो स्वतःला हेच समजावत होता, आणि एक दिवस त्याला ते पटलं नाही. बाबांनी हाक मारली होती की नाही? मारली असेल तर किती वेळा? किती वेळ वाट बघितली? माणूस चार वर्षं कानात तेल घालून बसतो, आणि नेमक्या त्या दीड तासात... जाऊ द्या. मला लिहितानाही कसंतरी होतं.

त्यानं कुणालाच सांगितलं नाही. वहिनीलाही नाही.

पुढे खोली रिकामी केली. कॉट एका दवाखान्याला दिली. गाद्या, कपाट, पडदे, सगळं गेलं. पंखाही खडखडायचा म्हणून उतरवला. राहिल्या चार भिंती आणि फरशी. वहिनी म्हणाली, "आता तरी झोप जरा." दादा पडायचा आणि छताकडे बघत राहायचा. डोळ्याला डोळा लागायचा नाही.

मागच्या महिन्यात धाकटीचा फोन आला.

"दादा, माझी गाणी तशीच पडलीत ना? निदान ते एक तरी पूर्ण कर. बाबांनी ऐकलेलं शेवटचं गाणं आहे रे ते."

यावर नाही कसं म्हणणार?

आता थोडं धंद्यातलं सांगतो, कंटाळू नका. गाद्या ठोकलेल्या खोलीत गायलेला आवाज कोरडा येतो, रजईत तोंड घालून गायल्यासारखा. त्याला घुमारा द्यावा लागतो. रिव्हर्ब म्हणतात त्याला. कॉम्प्युटरमध्ये हवा तेवढा तयार मिळतो, पण धाकटीला तो पसंत पडेना. "प्लास्टिकचा वाटतो," म्हणाली. हिची नाटकं लहानपणापासून अशीच. मग दादाला जुनी पद्धत आठवली. रिकाम्या खोलीत एक स्पीकर ठेवायचा आणि कोपऱ्यात एक माइक. गाणं स्पीकरमधून खोलीत सोडायचं. ते भिंतींवर आपटून घुमतं. तो घुमारा माइकनं परत मिक्सरमध्ये आणायचा आणि कोरड्या गाण्यात चवीपुरता मिसळायचा.

घरात रिकामी खोली एकच होती.

माइकची वायरही दाराखाली तशीच पडून होती. एक टोक त्या खोलीत, दुसरं आठव्या चॅनलमध्ये. इतक्या महिन्यांत दादानं ती उपसली नव्हती.

"दुसऱ्या चॅनलला लावायचीस ना," मी त्याला म्हटलं.

"लावता आली असती," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी सगळं झकास झालं. सकाळची वेळ. धाकटीचा आवाज त्या खोलीत गेला आणि असा काही घुमून आला की दादा खूश. ओळ संपली की घुमारा दोन सेकंद लांबत जायचा आणि मग विरायचा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला म्हणे त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी बसायला दुपार झाली. तीन वाजले असतील.

त्यानं गाणं लावलं.

ओळ संपली. घुमारा आला... आणि लगेच विरला.

एक सेकंद. जेमतेम.

दादानं डोकं खाजवलं. कालच्यापेक्षा आवाज कमी सोडलाय का? नाही, दांडी कालच्याच खुणेवर. खोलीचं दार उघडं राहिलंय का? नाही, बंद. वायर सैल? तीही घट्ट. कान दमले असतील, असं म्हणून त्यानं काम बंद केलं. पाच वाजता सहज पुन्हा लावून बघितलं. दोन सेकंद. कालच्यासारखंच.

तिसरा दिवस. पुन्हा तीन.

गाणं खोलीत गेलं... आणि परत काही येईना. आवाज जायचा तो तिथंच मुरायचा.

घर बदलताना तुम्हीही अनुभवलं असेल. रिकाम्या खोलीत बोललं की आवाज घुमतो. सामान आलं की घुमत नाही. गाद्या, पडदे, कपाटातले कपडे आवाज पिऊन टाकतात. कॉटवर माणूस झोपलेला असला, तर तोही थोडा पितो.

दादा उठला. बाबांच्या खोलीचं दार उघडलं.

रिकामी. फरशीवर ऊन. मधोमध स्पीकर, कोपऱ्यात माइक. त्यानं टाळी वाजवली. खणखणीत घुमली. पूर्ण दोन सेकंद.

जीव भांड्यात पडला त्याचा. दार लावून तो परत आला, हेडफोन घातले...

कोंदलेलं. मऊ. अजून तसंच.

म्हणजे आत उभं राहिलं तर खोली रिकामी. आणि आठव्या चॅनलवर ऐकली, तर... भरलेली.

मग दादानं तो आवाज ओळखला. ओळखणारच. चार वर्षं रोज ऐकलेला. कॉट खिडकीला लागून, कपाट पायथ्याशी, जाड पडदा, एकावर एक दोन गाद्या...

"सामान परत आलं होतं रे," तो मला म्हणाला. "सगळं आपापल्या जागेवर."

त्यानं हेडफोन टेबलावर ठेवले, अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये तसे. मग जिने उतरला आणि इमारतीच्या पायरीवर जाऊन बसला. सात वाजेपर्यंत तिथंच. वहिनी आली तेव्हा म्हणाली, "किल्ली विसरलास?"

"हो," तो म्हणाला.

किल्ली त्याच्या खिशातच होती.

मी असतो तर चौथ्या दिवशी त्या घरात थांबलो नसतो. वायरी गुंडाळल्या असत्या आणि बहिणीला सांगितलं असतं, प्लास्टिक तर प्लास्टिक, घे आणि गप्प बस. पण दादाचं तसं नाही. त्याच्या भीतीपेक्षा तो एक प्रश्न मोठा होता. चौथ्या दिवशी तीनला तो पुन्हा जाऊन बसला.

या वेळी त्यानं खोलीत काहीच सोडलं नाही. गाणं बंद. स्पीकर बंद. फक्त आठवा चालू.

आधी नुसता माइकचा 'सू' आवाज.

मग... पंखा. खडखड, खडखड.

पंखा उतरवलाय, हे तुम्हाला सांगितलंच.

मग कॉट कुरकुरली. एकदाच. कूस बदलताना कुरकुरते, तशी.

दादानं तोंड उघडलं. बोलावं, विचारावं. आणि तसंच मिटलं. शेवटी घाबरून, काहीतरी आवाज हवा म्हणून त्यानं गाणंच सुरू केलं. धाकटीचा आवाज खोलीत गेला...

आणि आतलं सगळं थांबलं. कुरकुर नाही, खडखड नाही. कुणीतरी श्वास रोखून ऐकत असल्यासारखी शांतता. गाणं संपेपर्यंत.

मग गाणं संपलं, आणि आत कुणीतरी खाकरलं.

बाबा बोलायच्या आधी घसा साफ करायचे. दादाच्या हातांनी कधी हेडफोन ओढून काढले, त्याला आठवत नाही. त्याला तो प्रश्न विचारायचा होता, पण उत्तर ऐकायची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी धाकटी आली. त्यानं बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली, अडीचच्या पुढे, कितपत झालंय ते ऐकायला.

"अवतार बघ तुझा," ती दारातच म्हणाली. "वहिनी जेवायला घालत नाही का?"

"घालते."

"मग तू खात नसशील. लाव गाणं."

"पाचला ऐकू या?"

"पाचला माझा क्लास आहे. नखरे करू नकोस, लाव."

दादानं लावलं. दुसरं काय करणार? तिनं हेडफोन घातले, डोळे मिटून ऐकू लागली. मध्येच म्हणाली, "माझा आवाज काढ. नुसता घुमारा ऐकव." दादानं तिच्या चॅनलची दांडी खाली ओढली. गाणं खोलीत जात राहिलं, पण हेडफोनमध्ये उरला तो फक्त खोलीतून परत येणारा आवाज.

तिनं सावकाश डोळे उघडले.

"दादा... गादी परत आणलीस का तू बाबांची?"

"नाही."

"मग हे असं का येतंय? त्यांच्या पायाशी बसून मी गायचे, तेव्हा असंच यायचं."

तिनं हेडफोन काढले. उठली, बाबांच्या खोलीचं दार उघडून बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. परत आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. दादानं गाणं बंद केलं. हेडफोन दोघांच्या मध्ये टेबलावर पडले होते.

"खरं सांग मला," ती म्हणाली. "त्या दिवशी हाक मारली होती ना त्यांनी?"

दादा इतका थकला होता की त्याच्याच्यानं आता काही लपवणं होईना.

"मला माहीत नाही गं. सोलो दाबलेला होता. तीनपासून साडेचारपर्यंत. मला फक्त तुझं गाणं ऐकू येत होतं."

"आणि तू मला सांगितलंस, चालू होता."

"चालू होता."

"दादा!"

ती रडायला लागली. आवाज न करता, नुसते डोळे वाहत होते.

"मी डोकावले नाही रे त्या दिवशी. एकच दिवस. म्हटलं, दादा ऐकतोय. इतके महिने मी एवढ्या एका गोष्टीवर झोपतेय, की त्यांनी कुणाला बोलावलंच नाही, झोपेत गेले. मी निघून गेलेय, हे तरी कळलं असेल ना त्यांना? की वाटलं असेल, ही आहे अजून घरात?"

दादा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात...

मिक्सरवर दिवा लुकलुकला.

आठवा.

गाणं बंद. स्पीकर बंद. घरात दोघंच, दोघंही मिक्सरसमोर.

हिरवा दिवा पेटला, विझला. थोडं थांबून... पुन्हा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. कुणीतरी हाक मारून, ओ येते का याची वाट बघावी, तसा.

"हाक मारतायत," धाकटी पुटपुटली. "दादा, ते हाक मारतायत. तू घाल ते कानाला. मला नाही होणार."

दादानं हेडफोन उचलले. घातले.

बाबांचाच आवाज. दमलेला, खोल. पहिली हाक असते तसा नाही. चारपाच वेळा मारून झाल्यावर होतो, तसा.

"मैना..."

मग कॉटची कुरकुर. मग पुन्हा.

"मैना, अगं... जाऊ नकोस ना गं लगेच. ये ना जरा."

धाकटीला बाबा लहानपणापासून मैना म्हणायचे. दुसरं कुणीही म्हणत नाही.

ते दादाला हाक मारतच नव्हते. गाणं थांबलं होतं, आणि ते तिची वाट बघत होते.

"कुणाला मारतायत?" धाकटीनं विचारलं. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. "दादा, सांग ना. कुणाला?"

दादानं तिच्याकडे बघितलं.

"मला," तो म्हणाला.

तिनं एक मोठा श्वास सोडला. मग त्याला जवळजवळ ढकललंच. "मग बसलायस काय? जा! ओ दे त्यांना!"

तो गेला. रिकाम्या खोलीत, उन्हात उभा राहिला. "आलो, बाबा," म्हणाला. आवाज भिंतींवर घुमला, दोन सेकंद, आणि विरला. "चुकलं माझं, बाबा. मी ऐकलं नाही." तेही घुमलं आणि विरलं. बाकी काही नाही. तो आणखी थोडा वेळ उभा राहिला, मग परत आला.

धाकटी मिक्सरकडे टक लावून बघत होती. हेडफोनना तिनं हात लावला नव्हता.

"तू बोललास तेव्हा जोरात पेटला," ती म्हणाली. "मग पुन्हा तसाच सुरू झाला. अजून चालूच आहे, बघ." तिनं डोळे पुसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ते रागावलेत रे तुझ्यावर. तू ओ दिलीस तरी थांबेनात."

"असतील," दादा म्हणाला.

त्यानं ते तसंच राहू दिलं.

साडेचारला दिवा शांत झाला.

तेव्हापासून रोज. तीन वाजले की आठवा लुकलुकायला लागतो. दादा म्हणतो, वायर उपसून टाकावी असं रोज वाटतं, आणि हात पुढे होत नाही. "एकदा बंद ठेवून बघितलाय ना," म्हणतो. त्यानं दुपारची सगळी कामं बंद केलीत. दीड तास हेडफोन घालून बसतो आणि बाबा दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतात, ते ऐकतो. शेवटी शेवटी त्यांचा आवाज बसत जातो, म्हणाला.

मी त्याच्यावर चिडलो. खरंच चिडलो. "अरे, सांगून टाक तिला! एकदा जाईल, ओ देईल, सुटतील ते. तू का मरतोयस रोज?"

"ते सुटतील," दादा म्हणाला. "आणि ती? तिला आयुष्यभर ते ऐकू येत राहील, त्याचं काय? माझं ठीक आहे. मला उठायची सवय आहे."



हे सगळं मी इथं का लिहितोय, ते सांगतो. धाकटी असलं काही वाचत नाही, तिला गाण्यापलीकडे जग नाही. आणि मला कुणाला तरी विचारायचं आहे.

काल तिनं दादाला फोन केला. फार विचार केला म्हणाली. ते गाणं ती नव्यानं गाणार आहे. छोट्या खोलीत नाही, बाबांच्या खोलीत. त्यांच्या समोर बसून. "तुझ्यासाठी माफी मागते त्यांची," म्हणाली. "माझं ऐकतात ते. तुझ्यावरचा राग जाईल, आणि तूही जरा झोपशील."

दादानं सकाळची वेळ सुचवली. नको म्हणाली, तीनच वाजता येते. आणि हेडफोन तयार ठेव म्हणाली. गाताना खोलीतला आपला आवाज कानात आल्याशिवाय तिला सूर लावता येत नाही.

उद्या गुरुवार. उद्याच येणार आहे ती.

मी दादाला फोनवर विचारलं, "उद्या आठवा चालू ठेवणार आहेस का?"

नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "तू ये उद्या. मला एकट्याला नाही होणार हे."

मी हो म्हटलंय. आता तुम्हीच सांगा, उद्या तीनला तिच्या कानात आठवा सोडायचा की नाही?